हळदा घाट : शर्यत संपली आणि एक मोटारसायकल उरली

रविवारी वेताळवाडीच्या डोंगरात ओरिएन्टिअरिंगला, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरवलेल्या खुणा गाठत जायच्या शर्यतीला, जाऊन आलो. पोटऱ्या अजून भरलेल्या आहेत आणि रागही उतरलेला नाही. पण तिथंच पुन्हा शर्यत घेणार आहेत असं कळलं, म्हणून आजच लिहितोय.

रस्ता सिल्लोड, उंडणगाव, हळदा असा. वेताळवाडीचा किल्ला देखणा आहे, सकाळ मजेत गेली. त्याबद्दल एवढंच.

'खास स्पर्धेसाठी बनवलेला नकाशा' म्हणून हातात मिळाली ती १:५०,००० च्या साध्या नकाशा-शीटची मोठी केलेली झेरॉक्स. त्या शीटवर एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटरला एक. या खेळाचा नकाशा १:१५,००० किंवा १:१०,००० चा असतो, रेषा साधारण पाच मीटरला. झेरॉक्स कितीही फुगवली तरी मुळात नसलेली घळ त्यात दिसत नाही. जंजाळ्याच्या पठारावरून उतरताना शेजारीशेजारी दोन घळी आहेत, कागदावर एकच. डावीकडची धरली की खाली सरळ कडा लागतो. मी तिथं चाळीस मिनिटं करवंदीच्या जाळ्यांत घालवली. पठाराच्या कडेला आलात की उजवीकडेच सरका, होकायंत्र काही म्हणो.

मात्र खरा गोंधळ शेवटी झाला. शर्यत बंद व्हायची वेळ साडेचार. डिसेंबरात इथं पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे कुणी राहिलाच तर शोधायला उजेड सव्वा तासाचा. ही वेळ ठरवणाऱ्यानं डोंगरात संध्याकाळ बघितलेलीच नाही. तीनच्या पुढं एकही मिनिट नको.

नोंदणी ७१ जणांची होती. त्यातले आले किती, सुटले किती, हे कुणी लिहिलंच नव्हतं. शेवटच्या रेषेवर ५८ नावं. मधले तेरा आलेच नाहीत, की घरी गेले, की डोंगरात आहेत? "गेले असतील परस्पर," असं सांगून आयोजकांनी मंडप सोडायला घेतला. एक मुलगी दिसली नाही असं दोघं म्हणाले म्हणून तिच्यासाठी माणसं पाठवली, तर ती कंटाळून दुपारीच कुणाच्या तरी गाडीवरून सोयगावला उतरली होती. खरा अडकलेला मुलगा कुणाच्या ध्यानातही नव्हता. गाड्या सांभाळणाऱ्या मामांनी विचारलं, "ही एम.एच. २१ ची कोनाची हाय?" तेव्हा सहा वाजले होते. फॉर्मवर त्याचा स्वतःचाच नंबर, घरच्यांचा नाही. फोन लागेना, घळीत रेंजच नाही.

म्हणून जाणाऱ्यांना हात जोडून सांगतो. अर्ध्यात सोडलंत तरी शेवटाला येऊन नाव सांगितल्याशिवाय हलायचं नाही. तुमच्यापायी चार माणसं अंधारात दगडधोंडे तुडवतात. शिट्टी गळ्यात हवी, सॅकच्या तळाशी नाही. मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. आणि सुरुवातीच्या रेषेवर तुमचं नाव वेळेसह लिहून घेतलं नाही, तर पैसे बुडाले समजून परत फिरा. खुणांची नोंद करायच्या कार्डाचा अर्धा तुकडा सुटताना फाडून ठेवायचा आणि परत आल्यावर जुळवायचा, एवढं पुरतं. उरले ते तुकडे म्हणजे डोंगरातली माणसं. त्याला खर्च शून्य आहे.

शोध तरी नीट व्हावा, तर तेही नाही. उत्साही पोरं एकएकटी पळायला लागली. आम्ही त्यांना थांबवलं आणि आधी विचारत सुटलो की याला शेवटचं कुणी, कुठल्या कंट्रोलला, म्हणजे नकाशावरच्या खुणेपाशी, पाहिलं. सातव्याला, अडीच वाजता. मग डोंगर एवढासाच उरला. दोन जण वरून, दोन जण खालून, परतायची वेळ ठरवून. जीप घाटात उभी करून दिवे लावले, दर पाच मिनिटांनी हॉर्न. ११२ या मदतीच्या नंबरला सात वाजता कळवलं, ते अंधार पडायच्या आधीच कळवायला हवं होतं. हळद्याचा एक गुराखी सोबत आला. "त्या घळीत उतरलेलं जनावर वर येत न्हाई, कड्यापाशीच बसतं," म्हणाला आणि सरळ तिथंच घेऊन गेला.

आठ चाळीसला सापडला. घोटा सुजलेला, पाणी संपलेलं, शिट्टी नाही. तीन वाजल्यापासून ओरडत होता, पण मधल्या धारेपलीकडं आवाज आलाच नाही.

त्याची मोटारसायकल हळद्यात गुराख्याच्या ओसरीवर आहे. बुधवारी तो आणि त्याचे वडील न्यायला येणार आहेत, मीही जातोय.