किरकोळ अंगाची पेशंट

स्लीप लॅबमध्ये रात्रपाळी करणाऱ्या माझ्यासारख्या टेक्निशियनला पेशंट दारातून आत येतानाच अंदाज बांधायची खोड असते. जाड मान, सुटलेलं पोट दिसलं की स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार. त्या रात्री आलेल्या बाई मात्र किरकोळ अंगाच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. झोप सारखी मोडते, सकाळी डोकं जड असतं, रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं. साखर तपासून झाली होती, झोपेच्या गोळ्याही. (यातल्या काही गोळ्या घसा आणखी सैल करतात, ते वेगळंच.)

"घोरता का?"

"थोडीशी. आमचे हे जास्त घोरतात!"

वायरी चिकटवताना त्यांची हनुवटी दिसली. लहान, आत गेलेली. अशा जबड्यामागे जिभेला जागाच कमी असते. शिवाय पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा धोका वाढतो.

त्या उताण्या झाल्या आणि स्क्रीनवर खेळ सुरू झाला. नाकातल्या हवेची रेघ सपाट, पण छातीचा आणि पोटाचा पट्टा एकमेकांच्या उलट हलतोय. म्हणजे श्वासासाठी धडपड चालू आहे, घसाच मिटलाय. 10 सेकंद हवा थांबली की अ‍ॅप्निया मोजतात. स्वप्नांच्या झोपेत त्यांचा एकेक 40 सेकंदांच्या पुढे जात होता. रक्तातला ऑक्सिजन 74 टक्क्यांवर. मग मेंदूच्या रेघा दचकायच्या, एक मोठा श्वास, की पुन्हा तेच.

श्वास असा अडण्याचं प्रमाण तासाला 30 वेळांच्या वर गेलं की आजार तीव्र धरतात. दोन तासांत त्यांची सरासरी 40 च्याही वर होती, म्हणून उरलेली रात्र सीपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबाची हवा देणाऱ्या मशीनवर. हे मशीन आपल्यासाठी श्वास घेत नाही, फक्त हवेच्या दाबाने घसा उघडा धरतं. 4 सेंटीमीटर पाण्याच्या दाबापासून एकेक वाढवत गेले. 9 वर रेघा सुरळीत झाल्या.

"मी बाथरूमला उठलेच नाही?" सकाळी त्यांचा पहिला प्रश्न. मिटलेल्या घशाविरुद्ध श्वास ओढताना हृदयावर ताण येतो, ते एक संप्रेरक सोडतं आणि त्याने लघवी वाढते. मला चीड याची येते, की लघवीसाठी सगळ्या तपासण्या होतात आणि झोपेचं कुणी विचारत नाही.

खरी कसोटी पुढे, घरी. मास्क सैल बसला की हवा डोळ्यांत जाते, नाक कोरडं पडतं, आणि मशीन कपाटात जाऊन बसतं. त्यांना लहान मापाचा नाकाचा मास्क दिला, हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर लावायला शिकवला.

"गावाला जाताना नाही नेलं तर चालेल ना?"

"नाही चालणार. कपडे दोन कमी घ्या."