किलिमांजारो, आणि काकांच्या नावावरची माझी बॅग

किलिमांजारो झाला, म्हणजे टांझानियातला, आफ्रिकेतला सगळ्यांत उंच डोंगर. फेब्रुवारी २०२४, मचामे मार्गाने, सात दिवस. उहुरू शिखरावर, ५,८९५ मीटरवर काढलेला फोटोही आहे. त्या फोटोत माझ्या अंगावरचं जॅकेट भाड्याचं आहे, पँट जुन्या बाजारातली आहे आणि बूट आधी कुणाकुणाच्या पायात होते ते देव जाणे. हे असं का, तेच आधी सांगते. डोंगराबद्दल माझी काही तक्रार नाही. विमानतळावरच्या एका खिडकीबद्दल आहे, आणि ती अजून निवलेली नाही.

आम्ही ठाण्याचे सहा जण. सगळ्यांत ज्येष्ठ काका, वय एकसष्ट. ते काही कुणाचे सख्खे काका नाहीत, पण सगळा ग्रुप त्यांना काकाच म्हणतो. मुंबईला चेक-इनच्या वेळी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ग्रुप आहे ना? सगळ्या बॅगा एकत्रच टाकते." रात्रीची वेळ, मागे लांब रांग. आम्ही मान डोलावली. सहाही बॅगा काकांच्या तिकिटावर चढल्या आणि टॅगचे सहा स्टिकर काकांच्या बोर्डिंग पासमागे ओळीने चिकटले. तेव्हा तो कागद मी नीट पाहिलाही नाही.

मधल्या विमानतळावर विमान बदलायला जेमतेम तासभर होता. माणसं धावली, पोचली. किलिमांजारोचा विमानतळ अगदी छोटा. पट्ट्यावरून एकेक करत पाच बॅगा आल्या. मग एक खोकं आलं, कुणाची तरी बाबागाडी आली, आणि पट्टा थांबला.

सामान न मिळाल्याची नोंद विमानतळाबाहेर पडायच्या आधीच करायची असते, हे मला माहीत होतं. म्हणून बाकीच्यांना म्हटलं तुम्ही व्हा पुढे, मी आलेच. इथे चुकले. खिडकीतल्या माणसाने माझ्यापुढे प्लास्टिकमध्ये मढवलेलं एक कार्ड सरकवलं. त्यावर बॅगांची चित्रं: उभी, आडवी, चाकांची, बिनचाकांची, आणि खाली रंगांचे चौकोन. मी निळ्या डफलवर बोट ठेवलं. त्याने विचारलं, "टॅग?" टॅग काकांकडे. काका बाहेर. माझा पासपोर्ट टाकून त्याने संगणकात पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, की तुमच्या नावावर एकही बॅग नाही.

म्हणजे त्यांच्या हिशेबाने माझं काही हरवलंच नव्हतं.

काका काचेच्या दरवाजापलीकडे आमच्या एजन्सीची पाटी शोधत होते. सिम कार्ड कुणीच घेतलं नव्हतं. बाहेर गेलेल्या माणसाला पुन्हा आत सोडत नाहीत, आणि मी बाहेर गेले तर खिडकी हातची जाणार. मी काचेवर टकटक केली, दोन्ही हातांनी बॅगेएवढा चौकोन काढून दाखवला. काकांनी हसून अंगठा वर केला. त्यांना वाटलं, बॅग मिळाली. पुढची चाळीस मिनिटं तसाच मूकनाट्याचा प्रयोग चालला. शेवटी एका पोलिसाला दया आली. तो काकांना आत घेऊन आला, फॉर्म काकांच्या नावाने भरला गेला, सही काकांनी केली, आणि माझ्या बॅगेत काय काय आहे ते मी त्यांच्या कानात सांगत होते आणि ते खिडकीला सांगत होते. आतल्या कपड्यांपाशी आल्यावर काकांनी "इतर कपडे" असं लिहून विषय संपवला.

"पोले साना, मामा," खिडकीतला माणूस म्हणाला. पोले म्हणजे वाईट वाटतं. साना म्हणजे फार. आणि मामा म्हणजे आई. स्वाहिलीत नात्यांचा सगळा उलटापालट आहे: मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ, दादा म्हणजे बहीण. पुढचे आठ दिवस मी मामा होते. बॅग कधी येईल? "केशो." केशो म्हणजे उद्या.

उद्या म्हणजे १९ फेब्रुवारी. डोंगराच्या पायथ्याच्या मोशी शहरात, हॉटेलच्या अंगणात आमच्या मंडळींनी शिवजयंती दणक्यात साजरी केली. तेव्हा मी रिसेप्शनवरचा फोन कानाला लावून विमान कंपनीचं संगीत ऐकत होते. दुपारी गाडी करून काकांना आणि मला पुन्हा चाळीसेक किलोमीटरवर विमानतळ. काका कशाला? त्यांच्या सहीशिवाय बॅग मिळणार नव्हती. विमान आलं, बॅग आली नाही. केशो. पण केशो आम्हाला चालायला लागायचं होतं.

म्हणून ज्यांना जायचंय त्यांना पहिली गोष्ट: तुमची बॅग तुमच्याच नावावर टाका. मागे रांग कितीही ओरडू दे. स्टिकर तुमच्याच बोर्डिंग पासवर हवा, आणि त्याचा फोटो तुमच्या फोनमध्ये. दुसरी गोष्ट: ट्रेकिंगचे बूट पायात घालून विमानात बसा. मी सँडल घातले होते. विमानात पाय सुजतात म्हणे. शिखरावरचे गरम कपडे आणि औषधं पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा. बाकी काहीही भाड्याने मिळतं. सवयीचे बूट मिळत नाहीत.

एजन्सीच्या गोदामात जॅकेट, जाड हातमोजे, काठ्या, स्लीपिंग बॅग असं सगळं मिळालं. बुटांच्या फळीवर मात्र पुरुषांचे मोठाले बूट. त्यातल्या त्यात लहान जोड एक नंबर मोठा. दोन मोज्यांनी बसवला. पँट मिटुंबात घेतली, म्हणजे जुन्या कपड्यांच्या बाजारात. पायाला लावायच्या पट्ट्या घ्यायला गेले तर पाटी "दुका ला दावा". दुकान आणि दवा! औषधाचं दुकान. साबणाला साबुनी, हिशेबाला हेसाबू. आधीच चिडलेले होते, तरी तिथे हसू आलं.

(डॉलरच्या नोटा नव्या न्या. २००६ च्या आधी छापलेल्या नोटा तेव्हा तिथे कुणी घेत नव्हतं. आमच्यातल्या एकाची शंभराची नोट जशीच्या तशी ठाण्याला परत आली.)

डोंगराचं थोडक्यात सांगते. गाईडशिवाय चढायला परवानगीच नाही. आम्ही सहा, आणि गाईड, स्वयंपाकी, पोर्टर धरून बावीस जण. गेटवर प्रत्येक पोर्टरचं ओझं तोलतात, वीस किलोच्या वर जाऊ देत नाहीत. माझं सामान एवढंसं, की ते ज्याच्या वाट्याला आलं तो भलताच खूश होता. पहिला दिवस पावसाळी जंगलातून. प्रत्येक कॅम्पवर एका मोठ्या वहीत नाव, वय, व्यवसाय लिहायचा. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरला ४,६०० मीटरपर्यंत नेतात आणि झोपायला पुन्हा ३,९०० च्या आसपास बरांकोला उतरवतात. शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून. डोकं ठणकलं, उतरल्यावर थांबलं. बरांकोची भिंत म्हणून जी घाबरवतात, ती नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्यांनी मनावर घेऊ नये. संध्याकाळी बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावतात. माझं ८४ टक्के आलं, काकांचं ९१. काकांनी ते सगळ्यांना सांगितलं.

वाटेत गाईडचा एकच जप: "पोले पोले." हळूहळू. एकदा म्हटलं की वाईट वाटतं, दोनदा म्हटलं की हळू चाल. पहिले दोन दिवस मला तो शब्द ऐकला की खिडकीच आठवायची. एकसारखी, कंटाळा येईल इतकी हळू चाल, हेच खरं तंत्र आहे. पुढे धावणारी दोन तरुण पोरं बराफूच्या, म्हणजे शिखराआधीच्या शेवटच्या कॅम्पच्या, आधी उलट्या करत बसलेली पाहिली. आणि हो, बराफू म्हणजे बर्फच.

बराफूहून रात्री बाराला निघालो. आदल्याच दिवशी पौर्णिमा झाली होती, डोक्यावरचा दिवा लावायची गरज पडली नाही. वर नागमोडी रांग, मंद हलणारी माणसं. पाण्याच्या पिशवीची नळी तासाभरात गोठली. बाटली मोज्यात घालून उलटी ठेवायची, म्हणजे बर्फ बुडाशी धरतं आणि तोंड मोकळं राहतं. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहाटे चारच्या सुमाराला मी खाली बसले. झोप येत होती, बाकी काही नाही. गाईडने माझ्या हातमोज्याच्या आत बोटं घालून माझी बोटं चाचपली, फ्लास्कमधला आल्याचा चहा पाजला आणि म्हणाला, "मामा, ट्वेंदे." चला. उठले. विवराच्या काठावरच्या स्टेला पॉइंटला उजाडलं. तिथून उहुरूपर्यंत चढ सौम्य आहे, पण दहा पावलं टाकली की थांबायचं. डाव्या हाताला हिमनदीची निळसर भिंत, सरळ कापल्यासारखी. पाटीपाशी फोटोची रांग होती. रांगेत मी रडले. काकांनी रुमाल दिला.

उतरताना मोठे बूट नडले. एकाच दिवसात शिखरावरून म्वेका कॅम्प, म्हणजे जवळजवळ २,८०० मीटर खाली. प्रत्येक पावलाला बोटं पुढे आदळत होती. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आणि घरी आल्यावर गळाली.

नुकसानभरपाईचं विचारतात सगळे. बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी दावा करावा लागतो. मी पावत्यांसकट बारा दिवसांतच केला. उत्तर आलं की दावा प्रवाशाने करावा. प्रवासी म्हणजे काका. पावत्या माझ्या नावावर, बॅग काकांच्या. तेवीस मेल झाले. पाच महिन्यांनी मागितलेल्यापैकी निम्मे पैसे आले, काकांच्या खात्यात.

पिवळ्या तापाची लस मोजक्याच केंद्रांवर मिळते आणि तिचं कार्ड दहा दिवसांनंतर लागू होतं, म्हणून महिनाभर आधी घ्या. एकदा घेतली की जन्मभर चालते. मी वेळेवर घेतली होती. तिथे काही अडलं नाही.

२६ तारखेला मोशीला परतलो, तर रिसेप्शनच्या मागे माझी निळी डफल उभी. आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी आली होती. मी हात घातला तसा तिथल्या मुलाने अदबीने रजिस्टर पुढे केलं आणि टॅगवरच्या नावावर बोट ठेवलं. सही हवी होती. काका नुकतेच आंघोळीला गेले होते, सात दिवसांनी पहिल्यांदा.

"पोले, मामा," तो म्हणाला. मी बॅगेवरच बसून राहिले.