तारीख उलटल्यावर

सोमवार, दुपार

माझ्या फाइलमध्ये बाळंतपणाच्या तीन तारखा आहेत. एक पाळीवरून काढलेली, दुसरी पहिल्या सोनोग्राफीची आणि तिसरी परवाच्या रिपोर्टवर छापून आलेली. पहिल्या दोन उलटून गेल्या, म्हणून घरात काळजी सुरू झालीय. सासूबाईंचे दिवसातून दोनदा फोन येतात. आई बोलत नाही, पण माझ्या पायांकडे बघत राहते, सूज आली का म्हणून.

आज मॅडमनी हा घोळ नीट सोडवून दिला. शेवटच्या पाळीपासून ९ महिने ७ दिवस पुढे मोजायचे, हा हिशोब २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा. माझी कायम लांबणारी, त्यामुळे गर्भही उशिराच राहिला. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात, म्हणून तेव्हाच्या सोनोग्राफीची तारीख खरी धरायची. नवव्या महिन्यात कुणाचं बाळ अंगाने भरलेलं, कुणाचं बारीक. तेव्हाच्या रिपोर्टवरची तारीख नुसत्या मापावरून निघते, तिच्याकडे बघायचं नाही. या हिशोबाने आज मला ४० आठवडे ४ दिवस झालेत. आई मोजते तसे ४१ उलटलेले नाहीत. आणि नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात, हे कळल्यावर आईला जरा धीर आला.

कळा सुरू व्हाव्यात म्हणून शेजारच्या काकूंनी एरंडेल घ्यायला सांगितलं होतं. मॅडमनी स्पष्ट नाही म्हटलं. जुलाब होऊन अंगातलं पाणी जाईल, आणि कळांना तोंड द्यायला ताकद लागते.

मंगळवार

पट्टा लावून बाळाचे ठोके बघितले. चांगले आहेत. गर्भजलही पुरेसं आहे. आता दर दोन-तीन दिवसांनी हे करायचं. बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

बुधवार, रात्री

झोप नाही, म्हणून लिहितेय. सगळे विचारतात, "अजून थांबायचं कशाला, सिझर करून मोकळी हो." काकांनी तर चांगलं नक्षत्रही शोधून ठेवलंय. ते प्रेमापोटी म्हणतात हे कळतं मला, पण पोट माझं कापलं जाणार आहे आणि पुढच्या बाळंतपणातही तो व्रण असणार आहे. बाळाला पोसणारी वार त्या व्रणावर चिकटून बसण्याचा धोका प्रत्येक सिझरगणिक वाढतो. गरज असेल तेव्हा सिझर जीव वाचवतं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. मुहूर्तासाठी मात्र मी ते करणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातली ४७ बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात, सरकारी दवाखान्यांत १४. एवढा फरक फक्त बायकांच्या तब्येतीमुळे पडत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

पण नुसतं थांबत राहणंही मला पटत नाही. तारखेनंतर वार हळूहळू थकू शकते, पाणी कमी होऊ शकतं, बाळ पोटातच शी करू शकतं. स्वीडनमध्ये याच प्रश्नावर एक मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण २,७६० बायका होत्या. निम्म्यांना ४१ आठवड्यांना कळा आणल्या, निम्म्यांना ४२ पर्यंत थांबवलं. थांबलेल्या गटात सहा बाळं गेली, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि तो अभ्यास मध्येच बंद करावा लागला. सिझरचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. कळा आणल्या की हमखास सिझर होतं, अशी माझ्या मैत्रिणींची समजूत आहे. हे आकडे वाचल्यावर माझी ती भीती गेली. जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे नक्की पूर्ण झाले असतील तर कळा आणा, असंच सांगते.

सहा बाळं. ही ओळ वाचून फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ पोटावर हात ठेवून बसले.

गुरुवार

आज ४१ पूर्ण. मॅडमनी आतून तपासलं. गर्भपिशवीचं तोंड अजून घट्ट आहे, जेमतेम बोट जातंय. तपासतानाच त्यांनी, मला विचारून, पाण्याची पिशवी कडेने बोटाने सैल केली. दुखलं, थोडा डाग दिसला, तो दिसणारच असं आधीच सांगितलं होतं. यानेच कळा सुरू झाल्या तर उत्तम.

नाही झाल्या तर उद्या दाखल व्हायचं. तोंड घट्ट असताना थेट कळांचं सलाईन लावून उपयोग नसतो, आधी तोंड मऊ करावं लागतं. त्यासाठी जेल आहे, गोळ्या आहेत, किंवा नळीचा फुगा आत ठेवून त्यात पाणी भरतात, त्याच्या दाबाने तोंड उघडतं. मी फुगा निवडला. औषधाने कधी कधी कळा फार जवळजवळ येतात आणि बाळाचे ठोके पडतात, फुग्यात तो धोका कमी. पुढे गरज पडली तर पाण्याची पिशवी फोडणं आणि सलाईन. पहिलटकरणीला यात दीड-दोन दिवसही लागू शकतात. हे मी घरी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. नाहीतर उद्या संध्याकाळीच "अजून कसं झालं नाही" सुरू होईल आणि घाई माझ्यावर येईल.

एक गोष्ट मॅडमना मी आपणहून सांगितली. ठोके पडले, किंवा पुरेसा वेळ देऊनही तोंड उघडलं नाही, तर सिझर करा, मला समजवण्यात वेळ घालवू नका. त्या म्हणाल्या, तसं झालं तरी काय आणि का करतोय ते एका वाक्यात तुला सांगेनच. मला तेवढंच हवं होतं.

"हे" रात्रीच्या गाडीने निघालेत, पहाटे पोचतील. सकाळी सातला दवाखान्यात जायचं. फाइलमध्ये पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट सगळ्यांत वर लावलाय, म्हणजे ड्यूटीवर कुणीही असलं तरी तारखेचा घोळ पुन्हा व्हायला नको.