रोजनाम्यातली दीड ओळ

मार्च 2022. ऑफिसला निघताना अनोळखी नंबरवरून फोन आला. "तुमच्या भावाला सिव्हिलला आणलंय, लवकर जा," एवढंच बोलून समोरच्या मुलाने फोन ठेवला. नंतर कळलं की तो आदल्या दिवशी जामिनावर सुटलेला, भावाच्याच बराकीतला मुलगा होता. कारागृहातून आम्हाला कुणीही कळवलं नाही.

कैदी वॉर्डच्या दारात दोन पोलीस होते. हातापाया पडल्यावर पाच मिनिटं आत सोडलं. भावाच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि पट्टीच्या खालून गालापर्यंत टाके दिसत होते, एका रेषेत, पट्टीने आखल्यासारखे. खाटेला अडकवलेल्या केसपेपरवर लिहिलं होतं: बाथरूममध्ये पाय घसरून पडला. पडलेल्या माणसाला असं चिरत नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "ताई, मी सांगितलं होतं. सगळ्यांना सांगितलं होतं."

पुढची तीन वर्षं मी हे एक वाक्य कागदावर सिद्ध करण्यासाठी धावत होते.

कारागृहाचं, गावाचं, वकिलांचं नाव मी लिहीत नाही. भावाचा मूळ खटला अजून चालू आहे. एका भांडणात कलम 307, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लागून नोव्हेंबर 2021 मध्ये तो आत गेला. तो दोषी आहे की नाही ते कोर्ट ठरवेल. या देशातल्या तुरुंगांत चारातले तीन जण असेच कच्चे कैदी आहेत, ज्यांचा गुन्हा अजून ठरायचाय. पण ज्याचा ठरला त्याचाही डोळा फोडायची शिक्षा कुठल्या कायद्यात नाही.

आत काय चालतं ते तुकड्यातुकड्याने कळलं. बराकीत एका टोळीची चलती होती. नवीन आलेल्याच्या घरच्यांनी बाहेरच्या एका नंबरवर पैसे पाठवायचे, नाहीतर झोपायला जागा नाही, अंघोळीला पाणी नाही. दोनदा मीही पाठवले. तिसऱ्यांदा आईचं मंगळसूत्र मोडायची वेळ आली तेव्हा भाऊच म्हणाला, नको. त्यानंतर त्याला धमक्या सुरू झाल्या. दुसऱ्या बराकीत हलवा म्हणून त्याने वहीच्या अर्ध्या पानावर अर्ज लिहिला आणि ड्यूटीवरच्या शिपायाकडे दिला. काही दिवसांनी पत्र्याचा तुकडा फरशीवर घासून केलेल्या पात्याने त्याला गाठलं.

मी जिल्हा परिषदेत लिपिक आहे. अकरा वर्षं आवक-जावक सांभाळलंय. कागदाला आवक नंबर पडला नाही तर तो कागद जन्मालाच आला नाही, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणून पहिला प्रश्न मनात आला तो हाच: त्या अर्ध्या पानाला नंबर पडला होता का?

माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि वर ठळक लिहिलं की माहिती एका माणसाच्या जीविताशी संबंधित आहे, कलम 7(1) प्रमाणे 48 तासांत द्यावी. उत्तर 28 दिवसांनी आलं: "सदर अर्ज अभिलेखात आढळून येत नाही." सीसीटीव्हीचं फुटेजही मागितलं होतं. ते ठराविक दिवसांनी आपोआप पुसलं जातं असं कळवलं. इथे माझी चूक झाली, आणि ती मला अजून बोचते. फुटेज राखून ठेवा असं पत्र मी पहिल्याच दिवशी रजिस्टर एडीने पाठवायला हवं होतं. मी दवाखान्यातच बसून राहिले आणि पत्र बाराव्या दिवशी गेलं.

केसपेपरचं मात्र जमलं. आमच्या वकीलबाईंनी खटला चालू असलेल्या कोर्टातच अर्ज दिला, की आरोपीचा जबाब घ्यावा आणि वैद्यकीय अहवाल मागवावा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी जखम धारदार वस्तूची आहे असं स्वच्छ लिहून दिलं. आधी 324 चा, म्हणजे घातक हत्याराने दुखापत केल्याचा गुन्हा नोंदवला होता, त्यात 326, म्हणजे तशाच हत्याराने गंभीर दुखापत केल्याचं कलम वाढलं. पण तो गुन्हा मारणाऱ्या तिघांवर होता. ज्यांच्या ताब्यात माझा भाऊ होता, त्यांच्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

मे महिन्यात कारागृहात मुलाखतीला, म्हणजे भावाच्या भेटीला गेले. तिथे मध्ये काच असते आणि फोनच्या रिसीव्हरवरून बोलायचं. बोलता बोलता तो सहज म्हणाला, "तारखेला व्हीसीवर जजसाहेबांनापण बोललो होतो." व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, कैदी कारागृहातूनच कोर्टापुढे हजर होतो. मी विचारलं, मग? "मान हलवली. काहीतरी लिहून घेतलं." तेवढ्यात वेळ संपली आणि रिसीव्हर बंद झाला.

ते "काहीतरी" मी शोधायला लागले. ई-कोर्ट्सच्या साइटवर तारखेला काय झालं ते थोडक्यात दिसतं, पण पुढे उपयोगी पडते ती शिक्क्याची नक्कल. नक्कल विभागात अर्ज दिला. सहाव्या दिवशी रोजनाम्याची, म्हणजे तारखेला कोर्टात काय झालं त्याच्या नोंदीची, प्रत हातात आली. कोर्टाच्या जिन्यातच उभी राहून वाचली. "आरोपी व्हीसीद्वारे हजर. बराकीत जीवास धोका असल्याचे सांगतो. जेल अधीक्षकांना योग्य ती कार्यवाही करणेबाबत कळवावे." पुढे पुढची तारीख. सगळं मिळून दीड ओळ. हल्ल्याच्या नऊ दिवस आधीची.

कळवावे म्हणजे कळवलंच असं नसतं, हे लिपिकाइतकं कुणाला माहीत असणार? परत गेले. कोर्टाने कारागृहाला पाठवलेल्या पत्राची नक्कल मागितली. पत्र होतं, जावक क्रमांक होता आणि ईमेलने पाठवल्याची नोंदही होती. त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा रडले. कागद मिळाला म्हणून रडले, आणि कागद असूनही हे झालं म्हणूनही.

कुठे जायचं यावर बराच खल झाला. मला राज्य मानवी हक्क आयोग बरा वाटत होता, तिथे फी नाही आणि वकिलाशिवायही तक्रार करता येते. तक्रार मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी लागते. वकीलबाईंनी समजावलं की आयोग भरपाईची शिफारस करतो, हायकोर्ट आदेश देतं, आणि प्रकरण कोर्टात गेलं की आयोग त्यात सहसा हात घालत नाही. दिवाणी दावा हा तिसरा रस्ता. त्यात आधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस, मग भरपाईच्या रकमेवर कोर्ट फी, मग साक्षीपुरावे, म्हणजे कित्येक वर्षं. शेवटी राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली हायकोर्टात रिट याचिका करायचं ठरलं.

त्या दिवशी त्यांनी मला दोन खटले सांगितले. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा या बाईंचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात असताना गेला आणि रेल्वेरुळांवर सापडला. त्यांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं आणि कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं. 1993 मध्ये निकाल लागला: ताब्यातल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी सरकारची, दीड लाख रुपये द्या. दुसरा खटला उत्तर प्रदेशातल्या केवल पती यांचा, 1995 चा. त्यांचा नवरा शिक्षा भोगत होता आणि त्याला तुरुंगात सहआरोपीनेच मारलं. मारणारा सरकारी माणूस नव्हता, तरी कोर्टाने सरकारला एक लाख द्यायला लावले. आमचं प्रकरण याच जातीचं होतं. एक आई, एक बायको. मी फायलीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने दोघींची नावं लिहून ठेवली.

पैशांचा प्रश्न विधी सेवा प्राधिकरणाने सोडवला. कोठडीतल्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. हे मला वयाच्या सदतिसाव्या वर्षी कळलं. 15100 हा त्यांचा नंबर आहे. मुलाखतीच्या रांगेत मी कितीतरी बायका पाहिल्या, ज्या व्याजाने पैसे काढून वकिलाला देत होत्या. त्यांना हे कुणीच सांगितलेलं नव्हतं.

सगळ्यात अवघड काम सहीचं होतं. कैद्याच्या वकालतनाम्यावर, म्हणजे वकील नेमल्याच्या कागदावर, त्याची सही कारागृह अधिकाऱ्याने साक्षांकित करायची असते. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच टेबलावर तो कागद जाणार. भावाने नकार दिला. काचेपलीकडून एका डोळ्याने माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, तू बाहेर आहेस. मी इथंच झोपतो." मी गप्प झाले. त्याला धीर देण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

वकीलबाईंना सांगितल्यावर त्यांनी क्रमच बदलला. आधी खालच्या कोर्टात अर्ज करून त्याला दुसऱ्या कारागृहात हलवून घेतलं. त्याला चार महिने लागले. नवीन ठिकाण आमच्या गावापासून 140 किलोमीटर. आईला आठवड्याची मुलाखत जमेना, मला महिन्यातून एकदा जमायची. पण तिथे गेल्यावर दुसऱ्याच भेटीत तो म्हणाला, "आण तो कागद." याचिका जानेवारी 2023 मध्ये दाखल झाली. पहिला याचिकाकर्ता तो, दुसरी मी.

हायकोर्टातल्या तारखांबद्दल फार लिहीत नाही. आदल्या रात्री बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघायचा, नंबर 87 दिसला तरी पहाटेची एसटी धरायची, संध्याकाळपर्यंत बसायचं आणि नंबर न येता परतायचं. असं आठ-नऊ वेळा झालं. दरम्यान त्याला जामीन मिळाला. तोही माझ्याबरोबर यायला लागला आणि कोर्टरूममध्ये नेहमी माझ्या डाव्या हाताला बसायचा, म्हणजे मी त्याच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला असायचे.

सरकारचं प्रतिज्ञापत्र आलं. घटना अचानक घडली, कर्मचाऱ्यांनी तात्काळ हस्तक्षेप करून जखमीस रुग्णालयात नेले, धोक्याबाबत बंद्याने यापूर्वी कोणताही अर्ज केलेला नव्हता. शेवटचं वाक्य वाचून भावाचा हात थरथरायला लागला. खोटं पाडायचं कसं? त्याचं अर्धं पान तर कुठेच नव्हतं. पण आम्ही प्रत्युत्तराला रोजनाम्याची नक्कल जोडली आणि त्यामागे जावक क्रमांकाचं पत्र. न्यायमूर्तींनी दोन्ही वाचली आणि सरकारी वकिलांना एकच प्रश्न विचारला: हे पत्र कारागृहाला मिळालं होतं की नव्हतं? त्यांनी वेळ मागितला. तीन आठवड्यांनी दुसरं प्रतिज्ञापत्र आलं. पत्र मिळालं होतं. त्यावर कार्यवाही "प्रस्तावित" होती.

माझ्या नोकरीत मीही हा शब्द कितीदा टंकला असेल. त्या दिवसापासून कुठल्याही फायलीवर प्रस्तावित लिहिताना माझा हात थांबतो. खाली कुणाचं काय अडलंय ते मी आधी बघते.

आदेश 2025 च्या सुरुवातीला झाला. धोका कळवूनही बंद्याला वेगळं ठेवलं नाही, हा निष्काळजीपणा आहे. भरपाई आठ आठवड्यांत द्यावी, जबाबदार कोण याची खातेनिहाय चौकशी करावी आणि सरकारला वाटल्यास ती रक्कम त्यांच्याकडून वसूल करावी. मागितलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी मिळालं. पैसे जमा झाले, पण चौकशीचं अजून काही कळलेलं नाही. त्यासाठी मी पुन्हा माहिती अधिकारात अर्ज केलाय.

एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारागृहातल्या मृत्यूंसाठी भरपाईचं धोरण मंजूर केलं. कैद्यांच्या आपसातल्या भांडणात, अधिकाऱ्यांच्या मारहाणीत, कामावरच्या अपघातात किंवा वैद्यकीय हलगर्जीपणामुळे मृत्यू झाला तर वारसांना 5 लाख, आत्महत्या असेल तर 1 लाख. हे चांगलंच झालं, मेलेल्याच्या घरच्यांना आता आमच्यासारखं तीन वर्षं झगडावं लागू नये. पण ते सगळं मृत्यूसाठी आहे. डोळा, हात, कान गेलेला जो जिवंत परत येतो, त्याला अजूनही हाच लांबचा रस्ता. भाऊ टेम्पो चालवायचा. आता तो कुठल्या मालकाच्या टेम्पोवर बसणार?

गेल्या महिन्यात मुलाखतीच्या रांगेतली जुनी ओळखीची एक मावशी घरी आली. तिचा मुलगा वेगळ्या कारागृहात आहे आणि त्याच्याकडेही पैसे मागतायत. तिला लिहिता येत नाही. अर्ज मी लिहिला, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही असं सांगितलं. मुलाची तारीख गुरुवारी आहे, व्हीसीवर. जजसाहेबांसमोर त्याने काय बोलायचं ते तिने माझ्याकडून तीन वेळा ऐकून घेतलं. बुधवारी मुलाखतीला जाऊन ती ते त्याच्याकडून पाठ करून घेणार आहे.