उत्तर कुठे आहे?

कानाझावाहून आल्यापासून जो तो केनरोकुएन बाग कशी होती ते विचारतो. जपानच्या तीन नावाजलेल्या बागांपैकी एक ना ती. पाहिली बाबा. धो धो पावसात, दोघींत मिळून एक छत्री, आईचा उजवा खांदा भिजलेला आणि माझा डावा. जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल, पण छत्री विसरू नका, अशी त्या भागात म्हणच आहे. आमच्या दोन छत्र्यांतली एक आम्ही शिनकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, विसरलो होतो. झाली बाग.

मला सांगायचंय ते अंथरुणाबद्दल.

दादा तोक्योत निशिकासाईला राहतो. त्याला रजा नव्हती, म्हणून आई आणि मी दोघीच निघालो. तोक्योहून अडीच तास. 'एक रात्र तरी रिओकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जपानी सरायीत, राहायचं' हा हट्ट माझा. मुक्काम हिगाशी चाया भागात. हा भाग १८२० साली वसला, शहरभर विखुरलेली चहाघरं एका ठिकाणी आणून. चहाघर म्हणजे आपलं अमृततुल्य नव्हे. पैसेवाले व्यापारी संध्याकाळी येणार, गेइशांचं गाणं-नाच होणार, असा तो कारभार. दुमजली लाकडी घरं, रस्त्याच्या अंगाला बारीक उभ्या पट्ट्यांची जाळी. आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं नाही. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि निम्म्या लोकांच्या हातात सोन्याचा वर्ख लावलेलं आईस्क्रीम असतं. जपानमधला ९९ टक्के सोन्याचा वर्ख याच शहरात बनतो. आम्हीही खाल्लं. वर्ख आईच्या वरच्या ओठाला चिकटला. "चव कसलीच नाही गं," म्हणाली, आणि पुढचा तासभर तशीच सोनेरी ओठाने फिरली. मी मुद्दाम सांगितलं नाही.

पाच वाजले की दुकानांची दारं बंद, गर्दी गायब. गल्लीत आम्ही दोघी आणि पावसाचं पाणी. त्या अर्ध्या तासासाठी तिथे मुक्काम करावा असं मी म्हणेन. बाकी दोघींचे मिळून ४०,००० येन मोजल्यावर संडास बोळाच्या टोकाला असेल असं मला वाटलं नव्हतं. आईला मी आकडा सांगितलेला नाही. हे वाचून कोणी सांगू नये.

खोली आठ तातामींची. तिथे खोली तातामींच्या चटयांत मोजतात, जशी वाड्यातली खोली खणांत मोजायचे. आमची सेवा करायला एक नाकाई-सान होत्या, केस पूर्ण पांढरे, आईपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्याच असतील. त्या सरकतं दार गुडघ्यावर बसून उघडायच्या, आत आल्यावर गुडघ्यावर बसूनच बंद करायच्या आणि मग कपाळ चटईला टेकेल इतक्या वाकायच्या. आई एकाहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे तिला बिनपायांची खुर्ची दिलेली. ती दर वेळी त्या खुर्चीतून उठायची धडपड करी. "अगं, तिला सांग ना, उठ म्हणावं. पाप लागेल मला."

अंघोळीचं थोडक्यात: आधी बाहेर स्वच्छ अंग धुवायचं आणि मग गरम पाण्याच्या टबात बसायचं. पाणी सगळ्यांना तेच. आई म्हणाली, "म्हणजे उष्टं पाणी." बाहेरच अंग धुऊन परत आली.

आली ती युकाता, म्हणजे तिथला सुती झगा, घालून. नाकाई-सान जेवणाचं ताट घेऊन आत येत होत्या. त्यांनी आईकडे पाहिलं, ताट खाली ठेवलं, काहीतरी माफीचं पुटपुटल्या आणि सरळ आईचा कमरेचा पट्टा सोडायला लागल्या. आई गोंधळली. त्यांनी उजवा पदर आत सारला, डावा वर घेतला, पट्टा पुन्हा बांधला. मग स्वतःच्या छातीवर उजवा पदर वर असल्यासारखा हात ठेवला, डोळे मिटले, मान कलती केली. मेलेल्या माणसाला तसं नेसवतात.

"म्हणजे अपसव्य!" आई म्हणाली.

मला दोन क्षण लागले. आम्ही सीकेपी. श्राद्धाला बाबा जानवं डाव्या खांद्यावरून उजव्यावर घ्यायचे ते मी लहानपणी पाहिलंय, पण त्याला नाव असतं हे विसरून गेले होते.

जेवणाबद्दल तक्रार नाही. मासे आम्हाला परके नाहीत. कच्च्या माशाचे तुकडे मात्र आईने माझ्या बशीत सरकवले आणि बदकाचा दाटसर रस्सा, जिबुनी, दोघींचा संपवला.

जेवण आवरल्यावर नाकाई-सान भिंतीतल्या कपाटातून गाद्या काढून घालू लागल्या. आईने चादरीचं दुसरं टोक धरलंच. त्या नको-नको करत होत्या, ही सोडत नव्हती. मी पडल्या पडल्या व्हिडिओ काढत होते, तेवढ्यात आई म्हणाली, "फोन दे. दक्षिण कुठे ते बघ."

होकायंत्र उघडून फोन चटईवर ठेवला. तिघी त्यावर वाकलो. नाकाई-साननी सुई पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि उत्तरेच्या भिंतीकडे बोट दाखवून दोन हातांची फुली केली. "किता-माकुरा." फोनमधल्या अनुवादकाने मख्ख आवाजात सांगितलं, "उत्तर उशी." निर्वाणाच्या वेळी बुद्धाचं डोकं उत्तरेला होतं, म्हणून तिकडे प्रेताचं डोकं उत्तरेला ठेवतात. जिवंत माणसाने तसं झोपायचं नाही. आमच्या उशा त्यांनी मुळातच पूर्वेला घातल्या होत्या.

आईने स्वतःचं पाऊल दाखवलं, मग दक्षिण दाखवली, मग कानाच्या पाळीला हात लावला. पाय दक्षिणेला नकोत, यमाची दिशा. डोकं उत्तरेला म्हणजे पाय दक्षिणेलाच की! एकच झोप, एकीने उशीकडून मोजलेली, दुसरीने पायाकडून.

मग त्या दोघी सुटल्या. नाकाई-साननी रिकाम्या वाटीत, जणू भातात, जेवायच्या दोन काड्या उभ्या खोचल्याचा अभिनय केला, पुन्हा फुली. आई लगेच, "पिंड, पिंड!" अनुवादकाला पिंड कळला नाही, त्यांना कळला. पंधरा-वीस मिनिटं मरणाच्या गप्पा आणि दोघी तोंडावर हात धरून हसतायत. मी मध्ये बोलायचा एकदा प्रयत्न केला. कोणी लक्ष दिलं नाही.

रात्री माझी पाठ धरली. कागदी दारापलीकडचे गृहस्थ घोरत होते. आई ढाराढूर.

पहाटे साडेपाचला जाग आली तर तिने स्वतःची गादी, चादरीची नीट घडी करून, कपाटात ठेवलेली. नाश्त्याच्या वेळी नाकाई-साननी ती सगळी परत बाहेर काढली, झटकली. आईचं तोंड उतरलं. "माझी घडी पसंत नाही वाटतं." तेवढ्यात गादीतून तिचाच चष्मा पडला. पाहुण्यांनी अंथरूण कपाटात ठेवायचं नसतं, ते एवढ्याचसाठी.

पुढचे दोन दिवस हिंडलो, किल्ला वगैरे, आणि तोक्योला परतलो. दादाच्या घरी बॅगा टेकवल्या टेकवल्या आईने माझा फोन मागितला आणि त्याच्या खोलीत गेली. उशी उत्तरेला. वहिनी म्हणाली, उद्या बघू या का. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, खालच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ खुर्ची सरकल्याचा आवाज झाला तरी चिठ्ठी टाकतात.

"अरे, मी एकटी नाही म्हणत," आई म्हणाली. "तिकडची ती बाईसुद्धा तेच म्हणाली."

पलंग आम्ही चौघांनी उचलून फिरवला, न सरकवता.