आणि हो, मी चुकलोच आहे!

मरे वॉकर हे नाव देवनागरीत लिहिताना माझा हात दरवेळी अडखळतो. इंग्रजीत त्या नावात काही वावगं नाही, पण आपल्या लिपीत उतरलं की त्याचं थेट क्रियापद होतं. ज्याच्या वाट्याला हे नाव आलं तो इंग्रज गृहस्थ चांगली ९७ वर्षं जगला. त्यातली पन्नासहून अधिक वर्षं तो मोटारशर्यतींचं समालोचन करत होता, तेही घसा फाटेस्तोवर. १३ मार्च २०२१ रोजी तो गेला, आणि त्याचे चाहते काय करत बसले? त्याच्या चुका एकमेकांना म्हणून दाखवत बसले.

एरवी माणूस गेला की त्याच्या चुकांवर पांघरूण घालायची रीत आहे. इथे लोकांनी त्या पेटीतून काढून, झटकून, उन्हात वाळत घातल्या. ‘गाडीत काहीच बिघाड नाही, फक्त तिला आग लागली आहे.’ ‘पुढची गाडी जगात एकमेव आहे, मागची सोडून, ती हुबेहूब तशीच आहे.’ ‘माझे डोळे मला फसवताहेत, की सेन्नाच्या लोटस गाडीचा आवाज जरा बिघडलेला येतोय?’ ही सगळी वाक्यं त्याच्या नावावर आहेत. सगळीच त्याने जशीच्या तशी उच्चारली असतील असं नाही. गाजलेल्या माणसाच्या खात्यावर लोक बरंच काही परस्पर जमा करतात. पण एक वाक्य अस्सल त्याचंच. ‘अनलेस आय ॲम व्हेरी मच मिस्टेकन...’ माझी फारच मोठी चूक होत नसेल, तर अमुक ड्रायव्हर पुढे निघाला आहे! आणि श्वास न घेता, त्याच पट्टीत, त्याच जोशात: आणि हो, माझी फारच मोठी चूक होते आहे!

या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर माझा जीव आहे. चूक पकडली गेली की आपला आवाज आपोआप खाली येतो. आपण खाकरतो, ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ वगैरे पुटपुटतो, विषय बदलतो. मरेचा आवाज तसूभरही खाली येत नसे. कुणी कुणाला मागे टाकलं ही जेवढी मोठी बातमी, तेवढीच मोठी बातमी ‘मी चुकलो’ ही. दोन्ही बातम्या ताज्या, दोन्ही पहिल्यांदा सांगण्याचा मान त्याचाच.

मी त्याला ऐकलं ते बहुतेक जुन्या शर्यतींच्या चित्रफितींमधूनच. तो बसून बोलत नसे. मायक्रोफोन हातात घेऊन उभा, आणि रंगात आला की जागच्या जागी नाचणारा. टीव्ही-समीक्षक क्लाइव्ह जेम्सने त्याच्याबद्दल म्हटलं होतं की अगदी शांत क्षणीसुद्धा हा माणूस विजारीला आग लागल्यासारखा बोलतो. ऐकणाऱ्याला वाटावं, हा तयारी न करता आला आहे. प्रत्यक्षात त्याच्या हाताशी बारीक अक्षरात लिहिलेले कागदच्या कागद असत. शर्यतीआधी पिटमध्ये, म्हणजे गाड्यांची देखभाल होते त्या जागी फिरून, ड्रायव्हर आणि मेकॅनिकांशी बोलून जमवलेले. गृहपाठ चोख, पण मैदानात उतरलं की कागदाकडे बघायला सवड कुणाला?

शिवाय गाड्या ओळखणं हेच मुळात अवघड. एका संघाच्या दोन गाड्या, दोन्हींचा रंग एक, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग. आकडा दिसला तर दिसला, नाहीतर हेल्मेटवरून ओळखायचं. डेमन हिलचं गडद निळं, त्यावर वल्ह्यांसारखे पांढरे पट्टे. एवढाच पुरावा, तोही अर्ध्या सेकंदाचा. शहाणा समालोचक अशा वेळी खात्री होईपर्यंत गप्प राहतो. मरेला ते कधी जमलं नाही. आपल्याला दिसलं त्या क्षणी त्यालाही दिसत होतं, आणि दिसलं की तोंडून बाहेर पडत होतं.

हे वेड घरातलंच. वडील ग्रॅहम वॉकर मोटरसायकल शर्यतींतले नाव कमावलेले स्वार आणि पुढे समालोचकही. मुलगा दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यावर होता, नंतर जाहिरातीच्या धंद्यात शिरला आणि साठीच्या उंबरठ्यापर्यंत तिथेच नोकरी करत राहिला. म्हणजे ज्या आवाजावर लोक जीव टाकत होते, तो कितीतरी वर्षं निव्वळ शनिवार-रविवारचा उद्योग होता. १९४९ साली सिल्व्हरस्टोनच्या जुन्या विमानतळावरच्या ब्रिटिश ग्रां प्री शर्यतीत बीबीसीने त्याला एका वळणावर उभं केलं. तिथेच त्याच्या डोळ्यांदेखत जॉन बोल्स्टरची गाडी कोलांट्या खात उलटली. माणूस गेला असंच मरेला वाटलं. अशा वेळी काय बोलायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. ‘बोल्स्टर बाहेर गेला,’ एवढंच त्याच्या तोंडून निघालं. बोल्स्टर वाचला. त्या दिवशी शब्द कमी पडले त्याचं उट्टं मरेने पुढची पन्नास वर्षं काढलं असावं, असा माझा आपला एक तर्क.

१९८० पासून बीबीसीने त्याच्या शेजारी जेम्स हंटला बसवलं. फॉर्म्युला वन मोटारशर्यतींचा १९७६ चा जगज्जेता, देखणा, बेफिकीर, आळसावलेल्या आवाजाचा. दोघांत मायक्रोफोन मात्र एकच. दोन दिले तर दोघं एकाच वेळी बोलतील, हा हिशेब. मग तो मायक्रोफोन या हातातून त्या हातात, कधी राजीखुशीने, कधी हिसकावून. १९८९ च्या मोनॅकोच्या शर्यतीत रेने आर्नू हा ड्रायव्हर मागून येणाऱ्या गाड्यांची वाट अडवत रमतगमत चालला होता. मरेने सभ्यपणे त्याची बाजू मांडली की टर्बो नसलेल्या गाडीची आर्नूला सवय नाही, असं तो म्हणतो. यावर हंटने बैलाच्या शेणाचा उल्लेख असलेली ती सुप्रसिद्ध इंग्रजी शिवी थेट प्रक्षेपणात, अगदी सावकाश उच्चारली. मरे पुढे बोलत राहिला. दुसरं करणार काय? ही जोडी तेरा वर्षं टिकली. जून १९९३ मध्ये हंट हृदयविकाराने अचानक गेला तेव्हा तो जेमतेम ४५ वर्षांचा होता. दोनच दिवसांपूर्वी त्याने कॅनडाच्या शर्यतीचं समालोचन केलं होतं.

मरेने कुणाचं कौतुक केलं की त्या गाडीचं काही खरं नाही, हीसुद्धा चाहत्यांची लाडकी श्रद्धा. अमका आज किती निवांत आघाडीवर आहे, असं त्याने म्हणावं आणि त्याच वळणावर इंजिनातून धूर निघावा. त्याचं स्वतःचं स्पष्टीकरण असं की मी चुका करत नाही, मी भाकितं करतो. ती लगेच खोटी ठरतात, एवढंच.

आणि तरी त्याचं सर्वात प्रिय वाक्य चुकीचं नाही. १९९६, जपानमधलं सुझुका. विजेतेपदाच्या शर्यतीत उरलेला एकमेव प्रतिस्पर्धी व्हिलनव, त्याच्या गाडीचं चाक निखळून एकटंच पळत सुटलं आणि डेमन हिल जगज्जेता ठरला. त्याचे वडील ग्रॅहम हिल दोनदा जगज्जेते झाले होते आणि १९७५ च्या विमान अपघातात गेले होते. मरेने बाप पाहिला होता, आता लेक पाहत होता. डेमनने शर्यतही जिंकली तेव्हा मरे म्हणाला, आता मला थांबायला हवं, माझा गळा दाटून आला आहे. ज्याला थांबवायला बीबीसीला एक मायक्रोफोन कमी द्यावा लागला, तो आपणहून थांबला.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला तो निवृत्त झाला. तिथला ट्रॅक पूर्वी विटांचा होता, म्हणून त्याला निरोपाला वीट दिली. सत्याहत्तराव्या वर्षी विमानातून वीट घरी न्यायची!

मी मात्र अजून १९८६ च्या, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या शर्यतीतच अडकलेला आहे. ब्रिटिश ड्रायव्हर नायजेल मॅन्सेलला जगज्जेतेपदासाठी फक्त तिसरा क्रमांक हवा होता आणि भर वेगात, सरळ रस्त्यावर, मागचं डावं टायर फुटलं. ठिणग्या उडवत, डुलत डुलत गाडी थांबते आणि मरेचा आवाज नुसता किंचाळतो. ही चित्रफीत मी इतक्यांदा पाहिली आहे की टायर कधी फुटणार ते मला तोंडपाठ आहे. पण पाहायला बसलं की मी शहाण्यासारखं त्याचंच ऐकतो. तो सांगतोय की मॅन्सेल जगज्जेता होणार, म्हणजे होणारच. दर वेळी त्या सरळ रस्त्यावर येईपर्यंत मला ते खरं वाटत असतं.