कुलूपबंद रेडिओ

‘हरम’, म्हणजे जनानखाना, हा शब्द ऐकला की युरोपीय चित्रकारांनी रंगवलेल्या, तक्क्यांवर रेललेल्या स्त्रिया डोळ्यांपुढे येतात. माझेही, खरे सांगायचे तर, फारसे वेगळे नव्हते. मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी यांचा जन्म १९४० साली फेझ शहरात झाला. १९९४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बालपणीच्या आठवणींत हरम म्हणजे चौकाभोवती उभा असलेला, काका-काकू आणि चुलत भावंडांनी गजबजलेला वाडा आहे. पुरुषांच्या दिवाणखान्यात कुलपात ठेवलेला रेडिओ, ते घरी नसताना, बायका चोरून ऐकतात आणि मुलांच्या भाबड्या उत्तराने ते गुपित फुटते, हा प्रसंग मी दोनदा वाचला.

दारावरचा दरवान आणि घरातली बंधने लेखिका लपवत नाहीत, म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो. आईला हरम नकोसा झालेला आहे, तर वडिलांकडची आजी त्याची ठामपणे पाठराखण करते. एकाच चौकातला हा वाद वाचताना ‘मुस्लिम स्त्री’ या एकवचनाला काही अर्थच उरत नाही. आजोळच्या शेतावर तर बायका खुशाल घोड्यावर बसतात आणि नदीत उतरून, खेळ मांडल्यासारखी भांडी घासतात.